ठळक अक्षर कोणाचे?

मराठी मुद्रणाचा इतिहास आजवर बहुधा छापखान्यांच्या मालकांचा आणि ग्रंथकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. कोणता ग्रंथ कोणत्या साली छापला, खिळे कोणी पाडले, यंत्र कोठून आणले, याच्या नोंदी त्यात सापडतात. पण कोणाचे म्हणणे ठळक छापायचे आणि कोणाचे बारीक, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न त्या इतिहासाला फारसा पडलेला नाही. आपल्याला तो पडला पाहिजे. ज्या समाजाला अक्षराचीच बंदी होती, त्याच्या हाती अक्षर आले तेव्हा ते बारीक आले. ठळक अक्षर त्याला झगडून मिळवावे लागले.

हा प्रश्न मी येथे एका विशिष्ट वळणाच्या अक्षराच्या निमित्ताने मांडतो आहे: जाड, उजवीकडे कललेले आणि टोकांना कसलीही नक्षी नसलेले अक्षर. हे अक्षर आज सर्वांच्या परिचयाचे आहे. मोटारी, कुरिअर, बूट, खेळाचे सामने, मोबाइलच्या जाहिराती, जेथे जेथे वेग आणि जोश विकायचा असतो तेथे ते हजर असते. नागपूरच्या दक्षिणेला मिहान उभे राहिले त्याला याच वेगाची ओढ होती. बोइंग कंपनीने बांधून एअर इंडियाकडे सोपवलेले विमानदुरुस्तीचे केंद्र तेथे २०१५ साली सुरू झाले. बोइंगचे जगभर ओळखीचे असलेले नावचिन्ह याच जातकुळीचे: कललेले, बिननक्षीचे, जणू धावपट्टीवरून आत्ताच उचललेले. या अक्षराचा जन्म कोठे झाला, ते कोणाकोणाच्या हातून गेले आणि आपल्यापर्यंत कसे आले, हे पाहण्यासारखे आहे.

रोमन अक्षरांच्या टोकांना बारीक आडव्या रेघा असतात. त्यांना सेरिफ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ती अक्षराची शेंडी. दगडात कोरलेल्या रोमन लेखांपासून ही शेंडी चालत आली आणि तिच्याशिवाय अक्षर सभ्य नाही, असा समज शतकानुशतके टिकला. लंडनच्या विल्यम कॅस्लन (चौथा) याने १८१६ च्या सुमारास आपल्या खिळ्यांच्या नमुन्यात पहिल्यांदा बिनशेंडीचे अक्षर दाखवले. पुढे १८३० च्या दशकात त्याच शहरातल्या खिळे पाडणाऱ्यांनी त्याची जाड रूपे बाजारात आणली. त्या काळी कारखाने वाढत होते, मालाला गिऱ्हाईक हवे होते आणि भिंतीवरचे पत्रक रस्त्यावरून चालणाऱ्याला दुरून वाचता यायला हवे होते. पुस्तकाचे नाजूक अक्षर त्या कामाचे नव्हते. म्हणजे हे अक्षर बाजारात जन्मले, ग्रंथालयात नव्हे.

त्याला त्या वेळी नाव काय मिळाले? 'ग्रोटेस्क'. म्हणजे बेढब, विद्रूप. अलंकार नसलेली गोष्ट प्रस्थापितांना प्रथम विद्रूपच दिसते, याचा अनुभव आपल्या साहित्याला नवा नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा त्याच्या भाषेवरून जी नाके मुरडली गेली, ती याच जातीची होती. शेंडी काढली की अक्षर नागडे होत नाही, त्याचा सांगाडा दिसतो. तो ज्यांना बघवत नाही, त्यांनी त्याला बेढब म्हणावे.

कललेल्या अक्षराचा उगम निराळा. व्हेनिसच्या आल्डस मानुशियस या छापणाऱ्यासाठी फ्रान्सेस्को ग्रिफो याने ते कापले आणि १५०१ साली त्या वळणात सबंध पुस्तक निघाले. ती विद्वानांच्या भरभर लिहिण्याची नक्कल होती. ग्रंथ लहान आकाराचा, हातात मावणारा व्हावा, या गरजेशीही तिचा संबंध होता. पुढे पुस्तकात जोर देण्याच्या जागी हे तिरपे अक्षर येऊ लागले. जाडपणा बाजाराकडून आला, तिरपेपणा विद्वानांच्या लेखणीकडून आला, आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत दोन्ही एकत्र होऊन आजचे धावते अक्षर तयार झाले.

या अक्षराचे राजकारणही पाहा. जर्मनीच्या पॉल रेन्नर याने १९२७ साली 'फुटुरा' हे बिनशेंडीचे वळण दिले. वर्तुळ, त्रिकोण आणि सरळ रेघ यांतून बांधलेले. कोणत्याही एका राष्ट्राच्या जुन्या वैभवाचा त्याला वास नव्हता. नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर टीका केल्याबद्दल १९३३ साली रेन्नरला अटक झाली आणि त्याची नोकरी गेली. त्याच फुटुराचे जाड तिरपे रूप घेऊन अमेरिकेत बार्बरा क्रूगर या स्त्रीने १९८० च्या दशकात लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत सत्तेला, बाजाराला आणि पुरुषी नजरेला प्रश्न विचारले. आणि १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या 'सुप्रीम' या कपड्यांच्या दुकानाने तीच लाल पट्टी, तेच जाड तिरपे पांढरे अक्षर आपल्या नावासाठी घेतले. बाजारात जन्मलेले अक्षर निषेधाने उचलले, निषेधाचे रूप बाजाराने परत उचलले. हे चक्र लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण आपल्या निळ्या रंगाच्या बाबतीतही ते फिरू लागले आहे.

अक्षराचा जोश त्याच्या कलण्यात असतो काय? याला माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याचा पुरावा सफाई कामगारांच्या एका लढ्यात आहे. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार कचरागाडीच्या यंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातल्या फलकांवर जाड, उभ्या, बिनशेंडीच्या अक्षरांत एकच वाक्य होते: मी माणूस आहे. त्यातल्या 'आहे' या अर्थाच्या शब्दाखाली रेघ ओढलेली होती. नक्षी नाही, कल नाही, वेग नाही. एका ओळीत शेकडो माणसे आणि प्रत्येकाच्या छातीवर तेच वाक्य. या कामगारांच्या पाठीशी उभे राहायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिलला त्याच शहरात खून झाला. ज्या देशात सफाईचे काम जन्माने वाटले गेले, त्या देशातल्या वाचकाला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. ठळक अक्षराला बळ येते ते ज्याला बोलू दिले जात नाही तो बोलतो तेव्हा.

आता आपल्याकडे वळू. देवनागरी खिळ्यांच्या इतिहासात अगदी आरंभी ज्याचे नाव येते तो पंचानन कर्मकार हा बंगालचा लोहारकाम करणारा कारागीर. श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात त्याने आणि त्याच्या शिष्यांनी ठसे कापले. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथेच देवनागरीत छापून निघाले. मुंबईत जावजी दादाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहान वयात काम शिकून पुढे स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना उभा केला. म्हणजे अक्षर घडवणारे हात कारागिराचे होते. पण छापलेल्या अक्षराला सोवळे-ओवळे चिकटायला वेळ लागला नाही. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीचा विटाळ मानणारी मंडळी होती, आणि त्यांची अडचण दूर करण्यासाठी तुपाची शाई वापरून पोथ्या छापल्याची हकीकत मुद्रणाच्या इतिहासात नोंदलेली आहे. माणसाचा विटाळ मानणाऱ्यांनी अक्षराचाही विटाळ मानला. अक्षराला तूप लावून शुद्ध करता आले. माणसासाठी तेवढी सोयही कोणी शोधली नाही.

येथे एक धंद्याची गोष्ट समजून घ्यावी लागेल. रोमन लिपीचा एक संच शंभर-सव्वाशे खिळ्यांत भागतो. देवनागरीला काना, मात्रा, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे मिळून कित्येक शे खिळे लागतात. ठळक अक्षर हवे तर हा सगळा संच पुन्हा नव्याने विकत घ्यावा लागे. मोठ्या आकाराचा ठळक संच हवा तर शिसेही तितकेच जास्त. त्यामुळे ज्या छापखान्याकडे भांडवल, त्याच्याकडे ठळक अक्षर. गरिबाच्या पत्राला एकाच आकाराच्या झिजलेल्या खिळ्यांवर भागवावे लागे किंवा मथळ्यापुरता हाताने काढलेल्या अक्षरांचा ब्लॉक करून घ्यावा लागे. अक्षराची जाडी ही अशी सरळ पैशाची बाब होती.

या परिस्थितीत आपल्या माणसांनी पत्रे काढली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यात 'सोमवंशीय मित्र' काढले. नागपूरजवळच्या मोहपा येथे १८७९ साली जन्मलेल्या किसन फागू बनसोडे यांनी नागपुरात स्वतःचा छापखाना घातला. 'निराश्रित हिंद नागरिक' १९१० साली, 'विटाळ विध्वंसक' १९१३ साली, 'मजूर पत्रिका' १९१८ साली, 'चोखामेळा' १९३१ साली, अशी एकामागून एक पत्रे त्यांनी चालवली. एक पत्र बंद पडले की दुसरे, ते बंद पडले की तिसरे. विद्वानांच्या नजरेतून हे अपयश असेल. माझ्या दृष्टीने ही चिकाटी आहे. अस्पृश्य माणसाने स्वतःच्या छापखान्यात स्वतःच्या हाताने खिळे जुळवून स्वतःचे म्हणणे छापावे, ही घटनाच त्या काळी ठळक होती, मग खिळे कितीही बारीक असोत.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, हे आपल्याला माहीत आहे. तो प्रसंग आपण नेहमी मनाच्या कोतेपणाचे उदाहरण म्हणून सांगतो. मी त्याकडे अक्षराच्या बाजूनेही पाहतो. जाहिरात म्हणजे दुसऱ्याच्या पानावर पैसे देऊन घेतलेली ठळक जागा. मराठी वाचकांच्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या चौकात मुक्यांच्या नायकाला पैसे मोजूनही उभे राहू दिले नाही. महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरून काढावे लागत. मदतीला लेखक नव्हते, जाहिरातदार नव्हते, फंड नव्हता. १९२९ साली ते बंद पडले. १९३० साली 'जनता' निघाले आणि १९५६ साली त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. दादरला आपला स्वतःचा छापखाना होता. बुद्धभूषण छापखान्याची ती वास्तू २५ जून २०१६ च्या पहाटे आंबेडकर भवनासह पाडली गेली. ज्या समाजाने पै-पै जमवून खिळे घेतले, त्याला आपल्या छापखान्याचे स्मारकही राखता आले नाही, ही खंत आपली आहे आणि जबाबदारीही आपलीच आहे.

ठळक अक्षर आपल्याला पानावर मिळाले नाही म्हणून आपण ते भिंतीवर काढले. भिंतीला शिसे लागत नाही. चुना, नीळ, गेरू आणि एक सपाट ब्रश पुरतो. दलित पँथर १९७२ साली मुंबईत उभी राहिली. तिचे नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेले. त्या पक्षाच्या पत्राला एमरी डग्लस या चित्रकाराने जाड रेषेचा चेहरा दिला होता. आपल्याकडे तो चेहरा वस्तीतल्या पेंटरांनी दिला. सभेची तारीख, निषेधाची घोषणा, 'जय भीम' हे दोन शब्द. मराठी नाटकांच्या जाहिरातींना अक्षरांचे चेहरे देणारे कमल शेडगे यांचे नाव रसिकांना ठाऊक आहे आणि ते ठाऊक असलेच पाहिजे. पण नागपुरात इंदोऱ्याच्या, पाचपावलीच्या भिंतींवर रात्रभर अक्षरे काढणाऱ्या पोरांची नावे कोणी लिहून ठेवली? पावसाने भिंत धुतली, अक्षरे गेली, माणसेही गेली.

या पेंटरांचे अक्षर बहुधा तिरपे असे. त्याला एक व्यवहारी कारण आहे. उभी रेघ जराशी कलली तरी डोळ्याला खुपते. सगळ्याच रेघा कललेल्या असल्या की एखादीचा कमी-जास्त कल लपून जातो. अंधारात, घाईत, पोलीस येण्याच्या आत भिंत पुरी करायची असेल तर तिरपे अक्षर सोयीचे. जाहिरातवाले ज्याला जोश म्हणून विकतात, तो आपल्या भिंतीवर घाईतून आणि भीतीतून आला होता.

नामांतराचा लढा हाही एका अर्थाने फलकावरच्या अक्षरांचाच लढा होता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे जिवानिशी गेले. १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. काही शब्दांसाठी सुमारे सोळा वर्षे आणि इतके जीव. 'नावात काय आहे' असे विचारणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

आता पुन्हा मिहानकडे पाहू. सोनेगावच्या विमानतळाला २००५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. त्यासाठी रक्त सांडावे लागले नाही, हे बदललेल्या काळाचे चिन्ह मानू. त्याच विमानतळाच्या भोवती, २००२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने मिहानचा प्रकल्प चार हजारांहून अधिक हेक्टरांवर आखला. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची जमीन त्यात गेली. शिवणगावच्या पुनर्वसनाचा प्रश्न तर वर्षानुवर्षे रेंगाळला. तेथे आता माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत, एम्स आहे, आयआयएम आहे. २०१९ पासून खापरीपर्यंत मेट्रोही धावते. या संस्थांत आपली मुले शिकावीत, नोकरीला लागावीत, असेच मी म्हणेन. प्रश्न अक्षराच्या जाडीचा आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार जमीन घेण्याची सूचना राजपत्रात, दोन दैनिकांत आणि गावात प्रसिद्ध करावी लागे. ती सूचना दैनिकाच्या आतल्या पानावर, मुंगीच्या पायासारख्या अक्षरांत येई. गट क्रमांक, क्षेत्र, धारकाचे नाव. त्याच जमिनीवर नंतर उभ्या राहणाऱ्या उद्योगांची नावे मात्र अर्धा मैलावरून वाचता येतात. जे जाणार ते बारीक अक्षरात, जे येणार ते ठळक अक्षरात. आणि ज्याच्या नावाने हे भूमिहीन, अल्पभूधारक लोक स्वतःला ओळखतात, त्याचे नाव विमानतळावर सर्वांत ठळक. या नावाचा अभिमान बाळगायचा तर त्या बारीक अक्षरांतली नावे वाचण्याचे कामही आपल्यालाच करावे लागेल.

शेवटी हत्याराचा प्रश्न उरतो. फ्लेक्सची छपाई आली आणि भिंतीवरचा पेंटर बेकार झाला. आता जयंतीचा फलकही दुकानातला मुलगा संगणकावर दहा मिनिटांत करून देतो. तो अक्षर जाड करण्याची आणि तिरपे करण्याची अशा दोन कळा दाबतो. यंत्र अक्षराला समजून घेत नाही, फक्त ढकलते. शिरोरेघ आडवीच राहते, काना कलतो, वरचा अनुस्वार उजवीकडे सरकतो, खालचा उकार मागे राहतो, गोलाई एका बाजूला फुगते आणि दुसऱ्या बाजूला रोडावते. जाडी वाढली की अक्षराच्या पोटातली पोकळी बुजते. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ बुजली की 'ब' आणि 'व' ओळखू येत नाहीत. 'द्ध'चा तर गोळा होतो. आता आपले शब्द आठवा: बुद्ध, बाबासाहेब, आंबेडकर, बहिष्कृत, प्रबुद्ध. देवनागरीच्या ठळक अक्षराची सर्वांत कठीण परीक्षा आपल्याच शब्दांत आहे, आणि आपल्याच फलकांवर ते अक्षर नापास होताना दिसते.

उपाय महागडे राहिलेले नाहीत. रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या 'मंगल'ने संगणकावर देवनागरी घरोघर नेली. २०१४-१५ च्या सुमारास मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने 'बालू' हे जाड मथळ्याचे वळण आणि 'मुक्ता' ही जातींची मालिका खुल्या परवान्याने दिली. इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'पॉपिन्स'ची देवनागरी निनाद काळे यांनी केली आणि तिच्यात ठळक तिरपे रूपही आहे. हे कोणालाही फुकट घेता येते, वापरता येते, परवान्याच्या अटी पाळून बदलताही येते. बनसोड्यांना एका ठळक संचासाठी जितके शिसे विकत घ्यावे लागले असते, त्याच्या शतांश खर्चही आज लागत नाही. खिळ्यांची मक्तेदारी संपली आहे. आपली सवय तेवढी संपायची आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझे तीन गोष्टींचे सांगणे आहे. पहिली: वस्तीतले जे जुने पेंटर हयात आहेत, त्यांच्याकडे जाऊन त्यांची नावे, त्यांनी काढलेल्या घोषणा आणि त्यांच्या अक्षरांचे नमुने वहीत उतरवून घ्या. उरलेल्या भिंतींची छायाचित्रे घ्या. दुसरी: दरवर्षी दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी पुस्तकांची जी प्रचंड विक्री होते, तेथे पुस्तकाचा मजकूर पाहता तसे त्याचे अक्षरही पाहा, आणि प्रकाशकाला जाब विचारा. गचाळ छापलेले पुस्तक गरिबाला चालते, हा समज मोडून काढा. तिसरी: आपल्या मुलामुलींपैकी काहींनी अक्षर घडवण्याची विद्या शिकावी. डॉक्टर व्हा, इंजिनियर व्हा, कलेक्टर व्हा, हे आपण सांगतो. अक्षर घडवणारे व्हा, हेही सांगू. 'बुद्ध' हा शब्द जाड असून स्वच्छ, कललेला असून तोल न गेलेला, शंभर हातांवरून वाचता येईल असे एक वळण आपल्यापैकी कोणीतरी घडवावे, आणि पहिल्यांदा ते मिहानमध्ये ज्यांची जमीन गेली त्यांच्या नावांच्या यादीसाठी वापरावे.